ओकेशिवाय बटण नाही

३ मार्च
कॉम्प्युटर फार स्लो झाला होता. आज साफसफाई केली. सिस्टिमच्या फोल्डरमध्ये अडगळ केवढी! फाइलींच्या नावांना ना आगा ना पिछा. दिसतील त्या उडवल्या, रिसायकल बिनही रिकामं केलं. घरात एकाला तरी शिस्त हवी.

४ मार्च
हिचं भरतकामाचं सॉफ्टवेअर उघडत नाही. गणवेशांवर बिल्ले भरायची ऑर्डर आहे आणि मशीनला डिझाइन तिथूनच जातं. चौकट येते : अमुक डीएलएल फाइल सापडत नाही. खाली फक्त ओके. नको म्हणायची सोयच नाही. हिला म्हणालो, संध्याकाळपर्यंत चालू करतो.

५ मार्च, सकाळ
ही बहिणीकडे गेली. म्हणाली, मला न विचारता माझ्या वस्तूंना हात लावू नका, किती वेळा सांगायचं? मागे नमुन्यांचं गाठोडं भंगारात दिलं तेव्हाही हेच. हिला टेक्निकल बाजू समजत नाही. कॉम्प्युटर चालू झाला की येईल.

६ मार्च
इंटरनेटवर फाइल फुकट मिळाली. सोबत ढीगभर जाहिराती. आता चौकट दुसरीच फाइल मागते. म्हणजे प्रगती आहे.

९ मार्च
ऑफिसातून फाइल पेनड्राइव्हवर आणली. चालेना. मग भलत्याच फाइलला तेच नाव दिलं. कॉम्प्युटरने लबाडी ओळखली.
होस्टेलवरून लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, दुकानात द्या सरळ. आईने ऑर्डर दुसरीकडून करून घेतली. म्हणजे घाई नाही. आई कधी येणार विचारलं, तर म्हणते, तुम्हीच विचारा. आधी काम, मग बोलणं.

१३ मार्च
चौकट. ओके. चौकट. ओके. जेवायचं राहिलं. भूकही नव्हती. काहीच वाटत नाही. बरंच आहे, डोकं शांत राहतं.

१७ मार्च
दुकानात नेला. हार मानून नव्हे, सेकंड ओपिनियन म्हणून. दुकानदाराने चहा पिता पिता सिस्टिम दुरुस्त केली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. बरंचसं मीच करून ठेवलं होतं, असं त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला.
घरी येऊन लगेच हिला फोन. म्हटलं, झालं चालू, ये आता. म्हणाली, बरं झालं. उद्या गाडी पाठवते, कॉम्प्युटर आणि मशीन दोन्ही द्या. इथे खोली घेतली आहे मी.
ओके म्हणालो.

१८ मार्च
गाडी आली. वायरी मीच नीट गुंडाळल्या, कुठली कुठे लावायची त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. गाडीवाल्याने विचारलं, बाईंचं अजून काही न्यायचं राहिलंय का? बघायला आत गेलो. कपाट उघडलं. हिची बाजू रिकामी. केव्हापासून, कोण जाणे.
बाहेर येऊन म्हणालो, काही नाही.