खांद्यावरची गाठ

धानोरा,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय दिव्यानी,

सहा महिने झाले, तुझ्या दोन्ही मेसेजना मी उत्तर दिलं नाही. माफ कर. शाळेच्या परीक्षा, निवडणुकीचं प्रशिक्षण, ही कारणं डायरीत लिहिली आहेत. ती खोटी नाहीत, पण पत्र त्यांच्यामुळे थांबलं नव्हतं.

इकडे धानाची कापणी चालू आहे. राजुऱ्याला मावशीकडे तुझं बरं चाललं असेल. तुझी कमळाआत्या परवा बाजारात दिसली. वाळली आहे. तू तिच्याशी अजून बोलत नाहीस, हे तिनं नाही, नाचात तुझ्या शेजारी असते त्या रीतानं सांगितलं.

आपल्या रेला नाचाच्या मंडळाचं आता वेगळंच झालं आहे. आत्यानं खांद्यावर गाठ मारून नेसवलेला तुझा पदर टीव्हीवर नाचताना सुटला, ते सात सेकंद लोकांनी गावोगाव फोनवर फिरवले. आता मुली लुगड्याखाली पूर्ण बाह्यांची काळी बनियन घालतात. गडचिरोलीच्या कार्यक्रमात तर अख्खी रांग काळ्या हातांची दिसत होती. कुणाचं काही फसलं की पोरं 'धानोऱ्याची गाठ' म्हणून हसतात. लग्नघरची माणसं पूर्वी मुलींना लुगडं नेसवायला आत्याला बोलावून नेत. आता कुणी बोलावत नाही.

अध्यक्ष देवरावभाऊ तिला सभेत सगळ्यांसमोर म्हणाले, "कमळाबाई, चाळीस वर्सं गाठ मारली, अन् टीव्हीवरच सुटली काय?" लोक हसले. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली. मी वहीत सभेचे मुद्दे लिहीत राहिले.

टीव्हीच्या कार्यक्रमाहून परतताना गाडीत तू तिला म्हणालीस, "आता जमत नाई तं सांगाचं होतं ना, आत्या." मी पुढच्याच सीटवर होते.

दिव्यानी, तिची गाठ सुटली नव्हती. मी सोडली होती.

आठव, मेकअपवाली तुझा चेहरा रंगवत होती आणि मी मागून म्हटलं, "थांब, पदर सारखा करते." गाठ घट्ट होती, नखांनी सोडावी लागली. तिथे चुण्या घालून मी पिन लावली. वाहिनीवाल्यांना ती गाठ आवडली नाही, असं मी त्या वेळी मनाशी म्हटलं. डायरीतही तसंच लिहिलं. पण कुणी काही बोललंच नव्हतं. मलाच ती गाठोड्यासारखी वाटली. सगळा महाराष्ट्र बघणार, मग आपली मुलगी नीटनेटकी दिसावी, असं मला वाटलं. नीटनेटकी म्हणजे कुणासारखी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

आणि नाचताना काही झालं तरी हातांची साखळी सोडायची नाही, हेही मीच शिकवलेलं. पदर घसरला तरी तू रीताचा हात सोडला नाहीस. मी पडद्याआड उभी राहून ओरडत होते, "सोड, हात सोड!" ढोलात ते तुला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या घरी आली. लुगडं धुताना तिला पिन सापडली होती, उघडी, काठात अडकलेली. तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, हे तुमची." मी बोलायला लागले, तशी ती उठली. "माह्या गाठीले पिन नाई लागत," एवढं म्हणून गेली. सहा महिन्यांत तिनं हे कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही. माझी नोकरी, माझं नाव, तिनं काय जपलं कोण जाणे. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कबूल करावं लागलं असतं.

उद्या मंडळाची सभा आहे. यापुढे गाठ बंद, प्रत्येक मुलीला सहा पिना, असा ठराव यायचा आहे. देवरावभाऊंनी तो लिहायला माझ्याकडेच दिला. संध्याकाळपासून कोरा कागद समोर होता. त्यावर शेवटी हे पत्र लिहिलं.

माझ्यावर राग धर, तो माझ्याच वाट्याचा आहे. आत्याला मात्र आजच फोन कर. उद्याच्या सभेत मी हे सांगेन, त्याची वाट पाहू नकोस.

तुझी मॅडम म्हणवून घ्यायला आज संकोचणारी,
हर्षा

(डायरीत) उद्या : सकाळी अकराची सभा. ठरावाच्या जागी पिन टेबलावर ठेवणे.