डब्यातले बारा गुलाब

सोमवार, ४ मार्च

मेहुण्यानं आज माझ्यादेखत सांगितलं — "गुलाब ना, मीच करतो!" पापणीसुद्धा लवली नाही.

मोठ्या हॉटेलचे शेफ मेहुण्याच्या बेकरीत आले होते. काचेतला लग्नाचा केक बघून थबकले. ही साखरेची फुलं कुणाची, विचारलं. मी मागच्या खोलीच्या दारात, हात कॉर्नफ्लोअरनं पांढरे. भांडी घासणारा वाटलो असेन. म्हणाले, रविवारी बारा गुलाब घेऊन या, पसंत पडले तर हॉटेलच्या सगळ्या केकांची फुलं तुमच्याकडे.

म्हणजे माझ्याकडे. म्हणजे याच खोलीत, मरेपर्यंत.

मंगळवार, ५ मार्च

सात बाय आठची खोली. दमट हवेनं पाकळ्या मान टाकतात म्हणून खिडकी मीच चिकटपट्टी लावून बंद केलीय. सोळा वर्षं झाली. मला कुणी शिकवलं नाही — खरे गुलाब आणून पाकळीन् पाकळी सोडवली, तसा शिकलो. पाचवी पाकळी चौथीच्या पोटात शिरते, हे क्लास लावून आलेल्यांनाही ठाऊक नसतं!

हिला म्हटलं, तुझ्या दादाशी एकदा बोलतोच. ही भाजी निवडत होती. "नोकरी गेली तेव्हा दादानंच उभं केलं ना आपल्याला? आता काय तोंड वर करून बोलणार?"

बरोबर आहे. तेच तर कुलूप.

गुरुवार, ७ मार्च

सात झाले. मेहुणा डोकावला. "जावईबापू, जरा हात चालवा! पाकळ्या काय मोजत बसलाय?"

म्हटलं, "तुम्हीच करा की. तुमचेच आहेत."

दात काढून हसला, पाठीवर थाप मारली. पाकळी फाटली.

शनिवार, ९ मार्च

बारा पूर्ण. कडा इतक्या पातळ, की दिव्यासमोर धरलं तर पलीकडचं बोट दिसतं. मनात आलं, एखाद्यात खोट ठेवावी. हात धजेना. त्याच्या नावावर जाणारं फूलसुद्धा मला वाईट करता येत नाही — काय हा स्वभाव!

डबा घरी आणला, मेहुणा सकाळी इथूनच नेणार. हिला बजावलं — फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर घाम सुटतो. "मला सांगताय?" म्हणाली. खरंच की. माझा पहिलावहिला गुलाब हिनंच जपून म्हणून फ्रिजमध्ये ठेवला होता. लगदा! दोन दिवस बोललो नव्हतो हिच्याशी.

रविवार, १० मार्च

नऊला मेहुणा आला. मी दाढी करत होतो, डबा हिनंच दिला.

साडेदहाला फोन. "जावईबापू, सगळे झोपले हो गुलाब! शेफ म्हणतात, इथंच एक करून दाखवा. पाया पडतो, लवकर या!"

सामान घेऊन धावलो. हॉटेलचं स्वयंपाकघर, भोवती दहा माणसं. चाळीस मिनिटं. शेवटची पाकळी लावून मान वर केली, तर शेफ माझ्याकडेच बघत होते. मेहुणा फरशीकडे. शेफनी विचारलं, "इथं कामाला येता? उद्यापासून?"

विचार करून सांगतो म्हणालो! ज्याचे बारा झोपले त्यानं कुठल्या तोंडानं हो म्हणायचं? साखरेची गमपेस्ट तीच, माप तेच, नेहमीसारखेच वाळवलेले. कुठं चुकलो? दुपारपासून तेच डोक्यात. जेवण गेलं नाही.

सोमवार, ११ मार्च

चहा पुढ्यात ठेवून ही म्हणाली, "तुमचं काही चुकलेलं नाही. डबा रात्रभर फ्रिजमध्ये होता. मी ठेवला. उठा आता, पहिल्याच दिवशी उशीर नको."