वीस माणसांची एकच उत्तरपत्रिका

उस्मानपुरा, औरंगाबाद
१४ मे २०१९

चि. मनस्विनीस,

आबांचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? मेसच्या भाजीवरचं तेल कमी झालं का? माझी तब्येत उत्तम आहे (गुडघा सोडून, पण तो आता माझ्यात धरायचा की नाही, हे डॉक्टरांनाही ठरवता येईना). नळाला सातव्या दिवशी पाणी येतं. तोवर आम्ही एकमेकांच्या टाक्यांकडे बघून नमस्कार करतो.

तुझा मेसेज वाचला. 'आबा, वीसच्या वीस जणांची उत्तरं सारखी कशी? मॅडमनी जाब विचारलाय. एकतीसला प्रबंध द्यायचाय.' एवढंच. खाली हसरं तोंडही नव्हतं, तेव्हाच ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. म्हणून हे पत्र. कबुली शाईनं दिलेली बरी.

झालं असं, की एप्रिलात तू मला दोन गोष्टी पाठवल्यास. एक, तुझ्या प्रबंधाचा फॉर्म: साठीपुढच्या माणसांचा एकटेपणा, प्रश्न बावीस, ओळखीच्या वीस जणांकडून भरून घ्यायचा. दुसरी, 'तुमचा वेळ जाईल' म्हणून मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उपयोगी अशा संकेतस्थळांची यादी. मी यादी आधी उघडली आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी विद्यार्थी झालो. एक गोरे प्राध्यापक फुकट व्याख्यानं देतात, ती मी डाळ निवडत ऐकतो. (इंग्रजी भरभर जातं, पण ते फळ्याशी न बोलता मुलांशी बोलतात, याचं कौतुक वाटतं.) एका शब्दकोशात 'एकटेपणा' पाहिला. त्यानं दुसरा शब्द पाहायला सांगितलं, दुसऱ्यानं तिसरा, आणि तिसऱ्यानं परत एकटेपणाकडे आणून सोडलं. मग एक चाचणी होती, हिरवा रंग दिसताच बटण दाबायचं. हिरवा दिसला आणि मला आमच्या तिसरीच्या पुस्तकातलं कवितेवरच्या चित्रातलं कुरण आठवलं. त्या कुरणात गुरं होती, ओढा होता. (यंदा क्रांती चौकापासून घरापर्यंत एवढा हिरवा रंग पाहिला नाही, झाडांवरसुद्धा सिमेंटची धूळ.) कविता चालीवर म्हणून होईतो निकाल आला: प्रतिक्रियेला लागलेला वेळ, एकेचाळीस सेकंद. खाली चौकट आली, 'तुम्ही अजून आहात का?' मी 'हो' दाबलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. इतक्या आस्थेनं या घरात कोणी विचारत नाही, म्हणून मग मी ते पान दुपारभर नुसतंच उघडं ठेवू लागलो.

आता फॉर्मचं. पूर्वीच्या संध्याकाळच्या कट्ट्यावरच्या मंडळींची नावं मी डोळे मिटून लिहिली आणि निघालो. रामकिसनच्या घराच्या जागी पाच मजली इमारत. तिथल्या वॉचमननं वहीत माझंच नाव लिहून घेतलं आणि मला परत पाठवलं. आप्पासाहेबांना मुलानं पुण्याला नेलं. कडुबा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीकडं नातवाच्या फ्लॅटवर गेला (नातू कारखान्यात, कडुबा बाल्कनीत). सहा जण तर असे गेले, की तिथं फॉर्म पोचायची सोयच नाही. तुला ठाऊक आहे, मी मास्तर असताना तीनदा जनगणनेचं काम केलं. घराला कुलूप असलं की शेजाऱ्याला विचारून रकाने भरायचे, रिकामा रकाना तहसीलला खपत नसे. तीच सवय. सगळ्यांचा शेजारी मीच, तेव्हा मी मलाच विचारलं आणि वीसच्या वीस फॉर्म दोन दुपारींत भरले. प्रत्येकाच्या जागी बसून, अगदी मनापासून विचार करून! पण पोरी, मी कोणाच्याही जागी बसलो तरी उत्तर माझंच यायचं, हे त्या गोऱ्या प्राध्यापकांनी अजून शिकवलेलं नव्हतं. छंदाच्या रकान्यातही वीस वेळा 'शाळेतल्या कविता चालीवर म्हणणे' असं पडलं.

तुझ्या मेसेजनंतर मी वही घेऊन पुन्हा हिंडलो. घड्याळवाले फारूखभाई अजून दुकानात बसतात. त्यांच्या नावावर मी काय लिहिलं ते वाचून दाखवलं, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "क्या मास्टर! मेरे कू मराठी कविता कब से आने लगी? मैं तो उर्दू स्कूल का." आणि तुम्हाला एकटं वाटतं का, या प्रश्नावर म्हणाले, "दो साल में आज दुकान की पायरी चढे तुम, और पूछते क्या, अकेला लगता क्या! बैठो. चाय आने दो, फिर लिखो." बावीस प्रश्नांना तीन चहा लागले.

यमुनाबाईंकडे गेलो तो नेमका नळाचा दिवस. त्या अंगणातूनच ओरडल्या, "मास्तर, वही ठिवा अन् बादली धरा आधी!" मी बादल्या पोचवत प्रश्न विचारत गेलो. सोबतीची उणीव भासते का? "लई भासती. ह्या ड्रमाला दुसरा माणूस लागतोय. तुम्ही रोज रिकामेच असता नव्हं? मंग पुढच्या नळाला बी या."

असे खरे फॉर्म माझा धरून सातच झाले, सोबत पाठवतोय. वीस नाहीत, पण सातही एकासारखा एक नाही. मॅडमना हे पत्र दाखव. लबाडी आजोबांची आहे, नातीची नाही, असं मी खाली सही करून लिहून देतो. तुझं वर्ष वाया गेलं, तर माझी पस्तीस वर्षांची मास्तरकी वाया गेली म्हणायची.

प्रकृतीला जप, पाणी उकळून पी. तुला आठवणीत ठेवणारा,
तुझा आबा

ता. क. १ – खोटे वीसही काढून टाक. पण त्यातला अकरावा काढण्याआधी त्याची एक प्रत मला पाठव. वीस नावांत एक कमी पडत होतं, तो तुझ्या आजीच्या नावानं भरला. त्या दुपारी मी तिच्या फोटोपुढं प्रश्न मोठ्यानं वाचले होते.

ता. क. २ – सातांतला माझा स्वतःचा फॉर्म मात्र राहू दे. त्यात एकच उत्तर खोटं आहे. गेल्या आठवड्यात कोणाशी दहा मिनिटांहून जास्त बोललात, या प्रश्नापुढं मी तुझं नाव लिहिलंय. एकतीस तारखेच्या आत एकदा फोन कर, म्हणजे ते खोडावं लागणार नाही.