मालूच्या पायातली रेघ

३ जुलै, बुधवार

कमळाकरने मालूला घरी बसवलं! एकोणीस वर्षं ती त्याच्या गणपतीच्या कारखान्यात शाडू तुडवते. पेणमधल्या निम्म्या मूर्तिकारांना जे हाताने कळत नाही ते तिला टाचेने कळतं — माती कधी तयार झाली ते. आणि आज सकाळी तिला दारातूनच परत पाठवलं. कारण काय, तर डाव्या तळपायावर एक तांबडी, वळवळती रेघ. सगळ्यांनी एका सुरात निदान केलं — नागीण.

मालू माझ्या मागच्या घरात राहते. ओट्यावर बसून तळपाय खाजवत होती. "मास्तर, एकोणीस वर्षांत बाप्पाला माझा पाय चालला, आज विटाळला होय?"

मी मास्तर नाही. साप्ताहिकाचा वार्ताहर आहे. पण पाठशाळेत आठ वर्षं काढलेल्या माणसाला या गल्लीत दुसरी पदवी नाही.

कमळाकरने मुदत दिली आहे. पंधरा तारखेपर्यंत पाय बरा झाला नाही तर मातीवर दुसरी बाई.

४ जुलै, गुरुवार

मालूची सासू धोंडुबाई नागीण उतरवते. धरमतरच्या बाजूच्या गावांतून माणसं तिच्याकडे येतात. पद्धत अशी — नागिणीचं तोंड आणि शेपूट शोधायचं, दोन्हीकडे गेरूची रेघ मारून वाट अडवायची आणि मंत्र म्हणायचा. तोंड-शेपूट भेटलं की माणूस गेला.

"मास्तर, माजा मंतर जुना झाला. तुमचा संस्कुरतातला टाका जरा."

मला नागिणीचा एकही मंत्र येत नाही. पण म्हातारीला नाही कोण म्हणणार? गंभीर चेहरा करून 'सर्पः सर्पौ सर्पाः' पासून सातही विभक्त्या चालवल्या. संबोधनावर जरा आवाज चढवला.

"काय कडक हाय हो!" धोंडुबाई म्हणाली.

मालूने माझ्याकडे पाहिलं. तिला संशय आला असावा.

खरं लिहायचं तर मलाही ती नागीणच वाटली होती. आठ वर्षं पाठशाळेत!

५ जुलै, शुक्रवार

रेघेने गेरू ओलांडला. धोंडुबाईने पुढे दुसरी रेघ मारली. मी सवयीने बॉलपेन काढलं आणि दोन्ही रेघांच्या बाजूला तळपायावरच तारखा घातल्या. वार्ताहराला तारीख नसलेली गोष्ट बातमी वाटत नाही.

"माझा पाय आहे, पंचांग नाय," मालू म्हणाली.

६ जुलै, शनिवार

दुसरी रेघही ओलांडली. बोटभर पुढे. मालूला रात्रभर झोप नाही, खाज सुटते म्हणते. धोंडुबाई चिडली आहे, नागिणीवर नव्हे, माझ्यावर. "तुमचा मंतर उलटा बसला!"

७ जुलै, रविवार

विसर्गाला घेऊन रोह्याला गेलो. विसर्ग म्हणजे माझा कुत्रा. पांढऱ्या अंगावर एकाखाली एक दोन काळे ठिपके, दुसरं नाव सुचलंच नाही. रेबीजचं इंजेक्शन राहिलं होतं. गल्लीतल्या हरेशच्या टेम्पोत वालाच्या पोत्यांवर बसून आम्ही दोघं गेलो. नागोठण्यापर्यंत तो कंपनीची धुराडी बघून भुंकत होता, पुढे ओकला.

बहिणीची मुलगी मनाली तिथे जनावरांची डॉक्टर आहे. लहानपणी शब्दरूपं म्हणायला लावली म्हणून माझ्यावर अजून राग धरून आहे. आज तिने तो वसूल केला.

"मामा, याला जंताचं औषध शेवटचं कधी दिलंस?"

"दिलंय की."

"कधी?"

"लहान होता तेव्हा."

"मामा, हा सहा वर्षांचा आहे!"

मग मालूची गोष्ट निघाली. मोबाइलमधला तळपायाचा फोटो दाखवला. मनालीने तो मोठा करून पाहिला, मग तारखा वाचल्या.

"ही नागीण नाही. नागिणीला पुरळ येतं, फोड येतात, ती अशी रोज चालत नाही. हे काहीतरी चालतंय. तारखा कोणी घातल्या?"

"मी."

"आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या लिहिण्याचा कुणाला उपयोग झाला."

तिने समजावलं ते असं. कुत्र्या-मांजरांच्या पोटात एक जंत असतो, अंकुशकृमी. (अंकुश! बाप्पाच्या हातातला!) त्याची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. माती ओली आणि सावलीतली असली की अळ्या होतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत. पण माणूस हे त्यांचं घर नव्हे. खोल जाता येत नाही आणि बाहेरची वाट सापडत नाही. म्हणून कातडीखाली फिरत बसतात, पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारख्या.

"एकाचं दुसऱ्याला होतं का?"

"नाही. पायाचं पायाला नाही, मूर्तीला तर नाहीच. माणसांच्या डॉक्टरकडे ने, गोळ्यांनी जाईल. आणि याच्या शीचा नमुना ठेवून जा."

८ जुलै, सोमवार

मालूला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवीन आहेत, तारखा बघून खूश झाले. "दिवसाला एवढी सरकते! व्हेरी गुड." मालू म्हणाली, "गुड काय त्यात?" गोळ्या दिल्या. आठवडाभरात रेघ थांबेल म्हणाले.

धोंडुबाईला घरी येऊन सगळं सांगितलं. तिने गेरूची वाटी दूर सरकवली. मग म्हणाली, "म्हंजे मी येवढी वर्षं काय उतरवत होते?" मी म्हटलं, नागीण असेल तिथे नागीण. गेरूच्या रेघा मारल्या नसत्या तर ती सरकते हे कळलंच नसतं. हे मी तिची समजूत काढायला म्हटलं नाही. खरंच तसं आहे.

९ जुलै, मंगळवार

कारखान्यात गेलो. भिजवलेल्या शाडूचा ढीग मागच्या पडवीत, ओल्या गोणपाटाखाली. थंडगार, सावलीत. मी गोणपाट उचललं. कडेला मांजराचा उद्योग, कुत्र्याचाही. आणि ढिगाच्या माथ्यावर, मऊ, गोल खळगा. त्यात पांढरे केस.

हा खळगा मी ओळखतो. माझ्या गादीवरही तसाच आहे.

मनालीचा फोन आलाच होता. नमुन्यात अंकुशकृमीची अंडी. पुष्कळ.

१० जुलै, बुधवार

माझ्या कुत्र्याने मालूचं काम घालवलं. माझ्या आळसाने. हे इथे तरी सरळ लिहायला हवं.

११ जुलै, गुरुवार

कमळाकर घरी आला. आम्ही एका बाकावर शिकलो. माझ्या वहीत तो चित्रं काढायचा, त्याचे निबंध मी लिहायचो.

"तू बातमी लिहितोयस असं ऐकलं."

"लिहून झाली."

"बाप्पाच्या मातीत जंत, असं छापणार? गणपतीला दोन महिने नाय राहिले! अख्ख्या पेणचं नाव घालवशील."

मी म्हटलं, मूर्तीत काही नाही. माती सुकली की अळी मरते. धोका आहे तो ओली माती अनवाणी तुडवणाऱ्या बायांना. पडवीला जाळी लाव, बायांना गमबूट दे, मालूला कामावर घे. बातमी तेवढीच आहे.

"गमबूट घालून बाप्पाची माती तुडवायची?"

"का? बाप्पा स्वतः उंदरावर बसतो. तुझ्या बुटाला नाही म्हणणार नाही."

हसला नाही. एरवी हसतो. "नगरपालिकेला सांगून गल्लीतली कुत्री उचलायला लावतो. पहिला तुझा विसर्ग."

"त्याला औषध दिलंय. आता तो या गल्लीतला सगळ्यांत स्वच्छ रहिवासी आहे, तुझ्या-माझ्यासकट. गल्लीतल्या उरलेल्या कुत्र्यांनाही मनाली रविवारी येऊन देणार आहे. एकालाही उचलू देणार नाही. दाराशी गाडी आली तर आडवा झोपेन. पोट बघतोयस ना? गाडी जायची नाही."

"आणि मालू?"

"ती काय?"

"पायाला हे झालंय असं लोकांना कळलं तर तिला कोण ठेवेल?"

तो गेला. चहा तसाच.

१२ जुलै, शुक्रवार

मालूला विचारलं, बातमीत तुझं नाव वगळू का?

"का? मी काय चोरी केली? घाला. मोठ्या अक्षरात घाला. आणि कुत्रा कोणाचा तेपण घाला!"

घातलं. पहिल्याच वाक्यात. 'प्रस्तुत वार्ताहराच्या मालकीचा कुत्रा.' संपादकांनी फोनवर तीनदा विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. चुलत्याचा म्हणून लिहू का, म्हणाले. म्हटलं, चुलत्याला कुत्र्यांची ॲलर्जी आहे.

१३ जुलै, शनिवार

अंक आला. दुपारपर्यंत सात फोन. चार शिव्या, दोन चौकश्या, एक राँग नंबर. एक जण म्हणाला, तू संस्कृत शिकून धर्म बुडवलास. म्हटलं, धर्म तरतो, तुमच्या पायाला काय झालंय ते बघा. फोन आपटला.

मालूची रेघ कालपासून जागची हलली नाही. खाज गेली. आज ती गाढ झोपली, दिवसाढवळ्या, ओट्यावर. धोंडुबाई शेजारी बसून माश्या वारत होती. मला बघून म्हणाली, "बोलू नका. झोपलीय पोर."

१४ जुलै, रविवार

मनाली आली. गल्लीतल्या अकरा कुत्र्यांना पावात औषध. विसर्गाने बारावा पाव मागून घेतला.

उद्या पंधरा तारीख. मालू म्हणते, "मी जाणार. दारात उभी राहीन. नाय म्हणाला तर तिथंच बसेन. एकोणीस वर्षं माती तुडवलीय, उंबरा काय मोठा?" मी सोबत जाणार आहे. नवी बाई ठरली अशी कुजबुज आहे.

१५ जुलै, सोमवार

जावंच लागलं नाही. सकाळी साडेसहाला कमळाकर दारात. आत येऊन त्याने दार लोटलं आणि उजवा हात पुढे केला. ज्याने तो मूर्तींचे डोळे आखतो तो. तळहातावरून मनगटाकडे तांबडी रेघ, आणि तिच्या पुढे गेरू. डाव्या हाताने काढलेला. वाकडा.

"दोन आठवडे झाले," म्हणाला. "मालूच्या आधीपासून आहे रे." मग हात खाली घेतला. "तिला हाक मार. आधी तिच्याशी बोलतो, मग दवाखान्यात ने मला."