प्रस्थानाची पेटी

अहो,

दुपारची गाडी राहुकाळात, म्हणून सकाळीच मुहूर्त साधून प्रस्थानाची पेटी शेजारी गोमतीकडे ठेवलीत. मद्रासला कोर्टाचं काम आहे म्हणालात. कुलूप लावायला मात्र विसरलात! आत आठवड्याचा बेत: समुद्र, म्युझियम, चायना बाजार, रोज रात्री नाच नाहीतर सिनेमा. कोर्ट कुठल्या दिवशी? तिकिटंही दोन, तुमचं नि तुमच्या दोस्ताचं, राजगोपालचं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मला पापनाशमच्या पुढे कधी नेलंत का?

बेत आईंना वाचून दाखवला, तर माझ्याआधी त्याच लुगडं बदलून तयार!

प्रस्थान ठेवलेली पेटी प्रवासाविना घरात परत आणू नये, हे तुम्हीच सांगता. म्हणून तुमचे कपडे तेवढे काढून खुंटीला लावलेत. पेटी निघाली, तिच्याबरोबर आम्हीही.

कामाक्षी