रिपोर्टखालची ओळ

३ तारीख
आजपासून वरच्या ऑफिसातून खाली लॅबमध्ये. रिपोर्ट विभागाचा प्रमुख! खिडकीजवळची जागा, फिरती खुर्ची. टेक्निशियनने आल्या आल्या चहाही दिला. खुर्ची आधी माईंची होती. गेल्या वर्षी त्यांच्या नावावर एका पेशंटचा रक्तगट चुकीचा गेला. पेशंट दगावला, माईंना काढलं, त्यांनी हाय खाल्ली आणि महिन्याभरात गेल्या. म्हणून मोठ्या डॉक्टरांचा हुकूम : प्रत्येक रिपोर्टखाली करणाऱ्याचं नाव आणि फाईल कुठल्या मशीनवरची, म्हणजे कुठल्या कॉम्प्युटरवर भरली, दोन्ही छापायचं. उद्या कुणी हात झटकायला नको. तासाभरात जमवलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

५ तारीख
गंमतच. पहिल्याच रिपोर्टखाली छापून आलं : नाव माई. जागा वरचं ऑफिस, कोपऱ्यातलं मशीन. त्यांचं खातं तर केव्हाच बंद केलंय. टेक्निशियन म्हणाला, माईंना तिकडे करमत नसेल. मीही हसलो. कोपऱ्यातलं मशीन माझं होतं, हे त्याला ठाऊक नाही.

८ तारीख
सगळ्या रिपोर्टांखाली तेच. फाडून फाडून टोपली भरली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! लिहूनच टाकतो. तुंबलेलं काम उरकायला त्या दिवशी मी वरच्या माझ्या मशीनवरून माईंच्या नावाने सिस्टीममध्ये शिरलो होतो. पासवर्ड त्यांनीच विश्वासाने दिलेला. घाईत ‘ओ’चं ‘बी’ मी केलं. चौकशीत म्हणालो, नाव त्यांचंच आहे ना? त्या हात जोडून एवढंच म्हणत होत्या, मशीन कुठलं ते बघा. कुणी बघितलं नाही.
आज ते मशीन उपटून भंगारात टाकलं.

११ तारीख
नाव तेच. जागा बदलली — जिना, मधला टप्पा.
दुपारी — लॅबचं दार.
आता — खुर्चीमागे.
मी वळणार नाही. मी पळतो —

१२ तारीख
जिन्यात पाठीला गार हात लागला. पडलो. रक्त फार गेलं. उजव्या हातात सुई, डाव्याने लिहितोय.
माझा रिपोर्ट आला. गट बी. खोटं! माझा ओ आहे, जन्मापासून ओ.
खाली नाव — माझं. जागा — वरचं ऑफिस, कोपऱ्यातलं मशीन.
ते तर भंगारात —
नर्सला सांगितलं. ती म्हणाली, असं काय करता साहेब, नाव तुमचंच आहे ना. हात जोडले. मशीन बघा म्हटलं, मशीन कुठलं ते —
कुणी बघत नाही.
बी रक्ताची पिशवी टांगली. तिच्यामागे माई. त्यांनीही हात जोडलेत. हसतायत.
लाल रेघ नळीतून खाली — कोपरापाशी — आता म