हातात न घेतलेला चाकू

आई, तुझ्या एका नियमावरून मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तुला जाऊन बावीस वर्षं झाली, म्हणजे दोन्ही बाजूंनी मलाच भांडावं लागणार. नियम तुला ठाऊकच आहे. सुरी, कात्री, विळी, धारेची कुठलीही वस्तू एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. माधवगंजच्या आपल्या स्वयंपाकघरात मी कितीदा सुरी पुढे केली असेल आणि कितीदा तू मान वर न करता "खाली ठेव" म्हणाली असशील! बाबा कांदा चिरायला बसले तरी त्यांची सुटका नव्हती. तुझी तेवढी एक आज्ञा ते निमूट पाळायचे.

तू मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचीस आणि मी तुझ्याच वर्गात, याहून मोठी शिक्षा नाही. सगळ्या मुलींनी कात्री टेबलावर ठेवायची आणि टेबलावरूनच घ्यायची. एकदा मी माझ्या मैत्रिणीला ती सरळ हातात दिली. तू फळ्यापाशी पाठमोरी उभी होतीस, तरी तुला दिसलं कसं कोण जाणे. घंटा होईपर्यंत मला उभं केलंस. पुढे आठवड्याभरात आमचं दोघींचं बिनसलं, ते एका रेशमाच्या लडीवरून, पण तुला हवा तो पुरावा मिळाला. "सांगितलं होतं नं? हातात दिली की लडाई होते," असं म्हणून तू चहा ओतत राहिलीस, आणि त्या चहाच्या धारेतसुद्धा मला तुझा विजय दिसत होता. मला फार राग आला होता. आजही थोडा आहे, पण आता तो कुणावर आहे तेच मला कळत नाही.

मी हल्ली दर्पण कॉलनीत राहते. तरी माधवगंजातून बोलावणं आलं की नाही म्हणवत नाही, कारण तिथल्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं आणि गल्लीतले निम्मे पुरुष माझे विद्यार्थी. मागच्या वर्षी तिथे गाडीला गाडी घासली म्हणून एकाने दुसऱ्याला चाकू मारला. मग आम्ही काही बायकांनी ठरवलं की देवळाच्या सभागृहात एक लोखंडी पेटी ठेवायची. रविवारी दुपारी कुणीही यावं, चाकू टाकून जावं. नाव विचारायचं नाही, खिशात का होता तेही नाही. महिन्याअखेर पोलीस ठाण्यातले लोक येऊन ते घेऊन जातात. पेटीची फट बारीक आहे, मोठा, लांब चाकू आत जात नाही, म्हणून कुलूप उघडायला आमच्यातली एक जण तिथे बसते. सुरुवातीला तर लोकांनी घरातल्या बोथट सुऱ्याच आणल्या, एकीने खोबऱ्याची किसणीही आणून दिली. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मला विचारलं, "दशहरे पे आप लोग कटार पूजते हो, हम जेब में रख लें तो जुर्म?" मी हसून वेळ मारून नेली. बाबांच्या पणजोबांनी दख्खनेतून इकडे उत्तरेत आणलेली ती कट्यार माझ्याच कपाटात आहे, आणि गेल्या दसऱ्यालाही मी तिला झेंडू वाहिला होता.

थंडीतल्या एका रविवारी तो आला. माझा विद्यार्थी, आता तिशीचा असेल, ई-रिक्षा चालवतो. सहावीत असताना मी त्याला जितक्या वेळा वर्गाबाहेर काढलं, तितक्या वेळा दुसऱ्या कुणाला काढलं नसेल. पुढे त्याच्या मारामाऱ्यांच्या गोष्टी कानावर यायच्या. आमच्यातल्या बाकीच्या बायका चहा करायला मागे गेल्या होत्या, मी एकटीच होते. त्याने जॅकेटमधून कागदात गुंडाळलेला लांब चाकू काढला, कागद सोडला, पातं आपल्याकडे धरलं आणि मूठ माझ्यापुढे केली. म्हणाला, "मैडम, ये रख लो. बच्ची अब चलने लगी है, हर चीज़ में हाथ डालती है."

आणि मी हात मागे घेतला. तोंडातून निघालं, "हाथ में मत दे. नीचे रख."

तो माझ्याकडे बघत राहिला. तसा तो वर्गाच्या दारातून बघायचा, बाहेर जाण्याआधी. मग त्याने चाकू पुन्हा कागदात गुंडाळला. "ठीक है, मैडम" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. टेबलावर ठेव बेटा, असं मी मागून ओरडले, पण तोवर रिक्षा सुरू झाली होती. पुढच्या रविवारी येईल, असं मी स्वतःला समजावलं. तो आला नाही. दोन आठवड्यांनी रिक्षा स्टँडवर नंबरावरून भांडण झालं आणि त्याने दुसऱ्या रिक्षावाल्याच्या पोटात तो चाकू मारला. तो माणूस वाचला, शिंदे की छावनी या वस्तीत राहतो. मी बघायला गेले तेव्हा त्याची आई त्याला चमच्याने दलिया भरवत होती आणि तो दोन घासांतच दमला होता.

परवा आपल्या या रिक्षावाल्याची बायको माझ्या घरी आली, मुलीला कडेवर घेऊन. तिचं मागणं एवढंच की जमानतीसाठी मी लिहून द्यावं, तो चाकू द्यायला आला होता. खरंच आला होता की, मग अडचण काय, असं तुला वाटेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग आठवलं की पेटीपाशी कोण आलं हे कुणाला सांगणार नाही, असं वचन आम्ही गल्लीला दिलं आहे. बाकीच्या बायका म्हणतात, एकदा तोंड उघडलं की पेटीत पुन्हा कुणी काही टाकणार नाही. आणि त्या दलियाच्या वाटीचं काय करू? मी याच्या बाजूने लिहिलं तर त्याच्या आईला काय तोंड दाखवू? न लिहिलं, तर या पोरीचा बाप आत बसतो आणि मला सगळं ठाऊक असून मी गप्प. दोन दिवस झाले, मी याच्या बाजूने विचार करते आणि मग त्याच्या, आणि दोन्हीकडे मला स्वतःचं पटतं. माझं डोकं चालेनासं झालं आहे.

काल तिच्या नवऱ्याच्या वकिलाचा फोन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "फिर आपने लिया क्यों नहीं, मैडम?" मी तुझा नियम सांगितला. आमच्याकडे धारेची वस्तू हातात घेत नाहीत, भांडण होतं. त्याला ते इतकं आवडलं! घर की रीत है, जज साहब भी समझेंगे, म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याने कागद टाइप करून पाठवलाही. त्यात तुझा नियम आहे, परिवार की परंपरा म्हणून, व्यवस्थित अक्षरांत. उद्या अकरा वाजता मला त्यावर सही करायची आहे.

तो कागद वाचल्यापासून मी तुझ्यावर चिडले आहे. तुझा नियम खरा मानला, तरी मी तो चाकू हातात घेतला असता तर फार तर माझं आणि त्याचं भांडण झालं असतं. झालं असतं तर झालं असतं! वर्गात रोज होतच होतं की. एवढ्यासाठी तू मला आयुष्यभर हात मागे घ्यायला शिकवलंस, असं मला तुला ऐकवायचं होतं. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण इथपर्यंत लिहिल्यावर माझ्याच लक्षात येतं आहे की तू मला पहिल्या ओळीतच पकडलं असतंस.

तुझा नियम मी केव्हाच सोडला आहे, आई. सून सुरी हातात देते, मी घेते. त्याच रविवारी, तो यायच्या तासभर आधी, एक म्हातारी भाजीची सुरी घेऊन आली होती. ती मी तिच्या हातातूनच घेतली, गप्पा मारत. तो आला तेव्हा मला नियम आठवला नव्हता. मला त्याची भीती वाटली होती.